एम.ई., एम.टेक.चे स्पेशलायझेशन कसे निवडावे : ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी

बी.ई. संपत आले की पुढचा फॉर्म समोर येतो आणि त्यात नावांची लांबलचक यादी असते. स्ट्रक्चरल, पॉवर सिस्टिम्स, थर्मल, व्हीएलएसआय, डेटा सायन्स. बहुतेक जण कॉलेज आधी ठरवतात आणि तिथे जे मिळेल ते स्पेशलायझेशन घेतात, किंवा गाजत असलेले नाव घेतात. दोन्हींचा फटका पहिल्या वर्षी बसत नाही, दुसऱ्या वर्षी बसतो. तेव्हा एकच प्रकल्प, एकच गाईड आणि एकच लॅब घेऊन वर्ष काढायचे असते, आणि त्यांतले काही जमत नसेल तर बदलायला वाव उरत नाही. म्हणून या लेखातले टप्पे उलट्या दिशेने लावले आहेत : आधी प्रबंध, मग विषय, मग लॅब आणि गाईड, आणि कॉलेजचे नाव सगळ्यांत शेवटी.

१. आधी क्रेडिटचा हिशेब बघा

एम.ई. आणि एम.टेक. यांत नोकरीच्या किंवा पीएच.डी.च्या दृष्टीने फरक धरला जात नाही. विद्यापीठ जे नाव देते ते. दोन्ही दोन वर्षांचे, चार सेमिस्टरचे.

तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०१८ मध्ये दिलेल्या नमुना अभ्यासक्रमात एकूण ६८ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे वजन मोजण्याची एकके, आहेत. त्यांतले २६ एकट्या प्रबंधाचे : तिसऱ्या सेमिस्टरला १० आणि चौथ्याला १६. म्हणजे सगळी पदवी शंभर धरली तर सुमारे अडतीस प्रबंधाकडे जातात. चौथ्या सेमिस्टरला तर दुसरे काहीच नसते. विद्यापीठागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण प्रबंधाचे वजन सगळीकडे मोठेच असते.

यातून पहिला प्रश्न निघतो : वर्षभर रोज सहा-सात तास कोणत्या प्रकारचे काम करायला आवडेल? संगणकावर मॉडेल चालवणे, हाताने सर्किट उभे करणे, लॅबमध्ये नमुने टाकून त्यांची मोजमापे घेणे की प्रत्यक्ष साइटवरून माहिती गोळा करणे? याचे उत्तर एका ओळीत लिहून ठेवा. पुढची छाटणी त्यावरूनच होईल.

२. नाव सोडा, विषय वाचा

ज्या विद्यापीठांचा विचार करत आहात त्यांचा अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. छापा आणि तीन रंगांची पेने घ्या. बी.ई.ला झालेला आणि आवडलेला विषय हिरवा. नवीन, पण शिकावासा वाटणारा निळा. टाळावासा वाटणारा लाल. कोअर, म्हणजे सक्तीच्या, विषयांत दोन लाल आले तर ते स्पेशलायझेशन तुमचे नाही, कारण कोअर विषयांपासून सुटका नसते.

इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक, विषयांच्या यादीवर मात्र फार विश्वास ठेवू नका. कागदावर आठ असतात, पण शिकवणारे शिक्षक असतील आणि पुरेसे विद्यार्थी असतील तेवढेच चालतात. एम.ई.ची तुकडी लहान असते, त्यामुळे पुष्कळदा सगळ्यांना मिळून एकच इलेक्टिव्ह घ्यावे लागते. चालू तुकडीतल्या मुलांना विचारा : «गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात कोणते इलेक्टिव्ह चालले?»

शाखेनुसार गोंधळ कुठे होतो ते पाहू.

*इलेक्ट्रिकल.* पॉवर सिस्टिम्स आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स ही नावे जवळची वाटतात, काम मात्र अगदी वेगळे. पॉवर सिस्टिम्समध्ये लोड फ्लो, स्थिरता, प्रोटेक्शन, ग्रिडचे नियोजन येते. बहुतेक काम मॅट्रिक्स आणि सिम्युलेशनचे, खुर्चीत बसून करायचे. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राइव्हजमध्ये कन्व्हर्टर, मोटर, गेट ड्रायव्हर, हीटसिंक, इंडक्टर गुंडाळणे, सोल्डरिंग. तिथे मॉसफेट जळणे हा रोजचा भाग आहे. ज्याला त्याचा त्रास होतो त्याने तिकडे जाऊ नये. कंट्रोल सिस्टिम्स म्हणजे मुख्यतः रेषीय बीजगणित. बी.ई.ला रूट लोकस आवडला म्हणून कंट्रोल घेणाऱ्यांनी आधी स्टेट-स्पेस पद्धतीचे एखादे पाठ्यपुस्तक पन्नास पाने वाचून बघावे.

*इलेक्ट्रॉनिक्स.* व्हीएलएसआय, म्हणजे चिप डिझाईन, या एका नावाखाली चार वेगळ्या वाटा आहेत : डिजिटल डिझाईन, व्हेरिफिकेशन, फिजिकल डिझाईन आणि अ‍ॅनालॉग. पहिल्या दोन वाटांवर दोन वर्षांत नोकरीलायक तयारी होऊ शकते. अ‍ॅनालॉगला हात बसायला जास्त वेळ लागतो. कॉलेज यांतले काय शिकवते हे विषयांच्या नावांवरून कळत नाही, लॅबच्या प्रयोगांच्या यादीवरून कळते. एम्बेडेडमध्ये सी भाषा, आरटीओएस (ठरलेल्या वेळेत काम करणारी ऑपरेटिंग सिस्टिम) आणि डेटाशीट वाचण्याची चिकाटी लागते. सिग्नल प्रोसेसिंगला आता मशीन लर्निंगची जोड आली आहे, त्यामुळे ज्यांना गणितही हवे आणि कोडही हवा त्यांना ते मानवते.

*कॉम्प्युटर आणि आयटी.* इथे नावांचा सुकाळ आहे. आर्टिफिशियल इंटेलिजन्स, मशीन लर्निंग, डेटा सायन्स, आणि ही तिन्ही जोडून केलेली नावे. तपासायची गोष्ट एकच : पहिल्या सेमिस्टरला संभाव्यताशास्त्र, रेषीय बीजगणित आणि ऑप्टिमायझेशन कोअर म्हणून आहे का? नसेल तर तो अभ्यासक्रम तयार लायब्ररी वापरायला शिकवेल, आणि ते तुम्ही घरी बसूनही शिकू शकता. असेल, तर नाव साधे «कॉम्प्युटर इंजिनीअरिंग» असले तरी बिनदिक्कत घ्या. सायबर सिक्युरिटीला जाणाऱ्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क यांचा पाया पक्का असल्याशिवाय जाऊ नये. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स आणि नेटवर्किंग यांची जाहिरात कमी होते, पण आमच्या मते कॉम्प्युटरमधली ही सर्वांत टिकाऊ निवड आहे.

*सिव्हिल.* स्ट्रक्चरलकडे ओढा सर्वांत जास्त. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट हे डिझाईनचे नव्हे, नियोजन, करार, खर्च आणि वेळापत्रकाचे शिक्षण आहे. डिझाईन ऑफिसात बसायचे असेल तर ते चालत नाही. जिओटेक्निकलला कोणी फारसे जात नाही, आणि हे आपल्या भागासाठी खरोखर नवलाचे आहे. त्याबद्दल पाचव्या टप्प्यात.

*मेकॅनिकल.* डिझाईनमध्ये फायनाइट एलिमेंट, कंपने आणि फटीग. थर्मलमध्ये उष्णतावहन आणि सीएफडी, म्हणजे प्रवाहाचे संगणकावरचे गणित. कॅड-कॅम-रोबोटिक्स नावाच्या अभ्यासक्रमात रोबो किती आणि कॅड किती हे विषयांच्या क्रेडिटवरून मोजा.

*केमिकल.* या शाखेत माटुंग्याची आयसीटी, म्हणजे १९३३ साली सुरू झालेली पूर्वीची यूडीसीटी, हाताशी आहे. तिचे प्रवेशाचे नियम वेगळे वाचा.

३. लॅब डोळ्यांनी पाहून या

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन विभागप्रमुखांना भेटा आणि लॅब बघायची परवानगी मागा. अर्धा तास पुरतो. पण काय बघायचे हे माहीत हवे, नाहीतर रंग दिलेल्या भिंती बघून परत याल.

*काँक्रीटचे उदाहरण घेऊ.* प्रबंधात पाच मिश्रणे, तीन वयांना चाचणी आणि प्रत्येक वेळी तीन क्यूब असे ठरले तर ४५ क्यूब लागतात. १५० मिलिमीटरचा एक क्यूब सुमारे आठ किलोचा. म्हणजे साडेतीनशे किलोच्या वर काँक्रीट हाताने टाकायचे. साचे बाराच असतील तर एका दिवसात बाराच क्यूब टाकता येतात, आणि दुसऱ्या दिवशी उघडेपर्यंत साचे अडकून राहतात. क्युरिंगच्या टाकीत त्याच वेळी बी.ई.च्या मुलांचेही क्यूब असतात. चाचणी ७, २८ आणि ९० दिवसांची असेल तर शेवटचे मिश्रण टाकल्यापासून तीन महिने थांबावे लागते. सेमिस्टर साडेचार महिन्यांचा. मिश्रणाच्या एका चुकीने सगळे वेळापत्रक कोसळते. म्हणून साचे मोजा, टाकी बघा, आणि कॉम्प्रेशन टेस्टिंग मशीनवर कॅलिब्रेशनचा कागद चिकटवलेला असतो, त्यावरची तारीख वाचा. तारीख उलटून गेली असेल तर तुमचे आकडे परीक्षक मान्य करणार नाहीत.

*डीप लर्निंग.* लॅबमध्ये जीपीयू आहे एवढे ऐकून समाधान मानू नका. त्याची मेमरी किती ते विचारा. ७०० कोटी पॅरामीटरचे भाषा-मॉडेल १६ बिटमध्ये नुसते उघडायलाच १४ जीबी लागतात. ते नेहमीच्या पद्धतीने पूर्ण ट्रेन करायचे तर दर पॅरामीटरला साधारण १६ बाइट धरा, म्हणजे ११२ जीबी. आठ जीबीच्या कार्डावर हे होत नाही. ४ बिटमध्ये उतरवले तर मॉडेल साडेतीन जीबीत बसते आणि लोरा पद्धतीने थोडेच पॅरामीटर ट्रेन करता येतात, पण मग प्रबंधाचा विषयही त्या मापाचा निवडावा लागतो. दुसरे : जीपीयूची पाळी कशी लागते? नोंदवही आहे का? रात्री आणि रविवारी मशीन चालू ठेवता येते की शिपाई साडेपाचला मेन स्विच बंद करतो? तीन दिवस चालणारे ट्रेनिंग याच प्रश्नावर अडते.

*पॉवर इलेक्ट्रॉनिक्स.* ऑसिलोस्कोप दिसतील. डिफरन्शिअल प्रोब आहेत का ते विचारा. साध्या प्रोबचा ग्राउंड क्लिप स्कोपच्या आतून मेनच्या अर्थिंगला जोडलेला असतो. मेनवर चालणाऱ्या ब्रिजमधल्या वरच्या स्विचचा व्होल्टेज मोजायला तो क्लिप लावला की थेट शॉर्ट होतो आणि सर्किट किंवा स्कोप किंवा दोन्ही जातात. काही जण स्कोपची अर्थिंगची पिन काढून काम भागवतात. ते जिवावर बेतू शकते, कधीही करू नका. डिफरन्शिअल प्रोब नसलेल्या लॅबमध्ये जास्त व्होल्टेजचा हार्डवेअर प्रकल्प घेऊ नये.

*व्हीएलएसआय.* महागड्या सॉफ्टवेअरचे परवाने किती आणि ते फक्त लॅबमधूनच चालतात की घरूनही? परवाने नसतील तर हातपाय गाळायचे कारण नाही. स्कायवॉटरच्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेचे डिझाईन किट २०२० पासून सगळ्यांसाठी खुले आहे आणि ओपनलेनसारख्या मोफत साधनांनी आरटीएलपासून (सर्किटचे कोडमधले वर्णन) लेआउटपर्यंत जाता येते. फक्त गाईडला ते मान्य हवे.

४. गाईड

कॉलेजच्या ग्रंथालयात गेल्या तीन वर्षांचे प्रबंध मागा. प्रत्येकात तीनच गोष्टी बघा : गाईडचे नाव, निष्कर्षाचे प्रकरण आणि संदर्भयादीतली वर्षे. एकाच गाईडकडचे तीन प्रबंध तीन भलत्याच विषयांवर असतील तर तिथे स्वतःची संशोधनाची दिशा नाही. संदर्भ दहा वर्षांपूर्वीच संपत असतील तर वाचन थांबलेले आहे. याउलट एकाचा प्रबंध जिथे संपतो तिथून दुसऱ्याचा सुरू होत असेल, तर तिथे लॅबही लागलेली असते आणि आधीचा विद्यार्थी मदतीलाही असतो. अशा गाईडसाठी कॉलेजच्या नावात एक पायरी खाली यावे लागले तरी या.

भेटायला जाताना हे प्रश्न विचारा, नम्रपणे पण सरळ :

- सर, मॅडम, तुमच्याकडे सध्या किती विद्यार्थी आहेत?
- प्रबंधाचा विषय विद्यार्थी आणतो की तुम्ही देता?
- लागणारे साहित्य कॉलेज घेऊन देते की विद्यार्थ्याला स्वतः घ्यावे लागते?
- उद्योगात राहून प्रबंध करायला परवानगी मिळते का?

चौथ्या प्रश्नाला आपल्या भागात फार महत्त्व आहे. आणखी एक गोष्ट आजूबाजूला चौकशी करून घ्यावी : गाईड कायम नेमणुकीवर आहेत की तात्पुरत्या? तात्पुरते असतील आणि मध्येच नोकरी बदलून गेले तर विषयासकट गाईड बदलावा लागतो.

५. आपल्या पट्ट्यात काय चालते

प्रबंध किंवा इंटर्नशिप घराजवळच्या उद्योगात करता आली तर दोन वर्षांचे सोने होते. त्यासाठी ठाणे-बेलापूर रस्त्याकडे नीट बघा.

ऐरोली, रबाळे, महापे या भागात मोठमोठी डेटा सेंटर आहेत. नाव ऐकून कॉम्प्युटरवाले खूश होतात. पण त्या इमारतीत जागेवर जे काम चालते ते प्रामुख्याने विजेचे आणि थंडाव्याचे : ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, डिझेल जनरेटर, हार्मोनिक्स, चिलर, हवेचा प्रवाह. म्हणजे पॉवर सिस्टिम्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि थर्मल. या तिन्ही स्पेशलायझेशनच्या मुलांनी तिथल्या वीजवापरावर किंवा कूलिंगवर प्रबंधाचा विषय बांधावा.

ऐरोली, घणसोली आणि महाप्यातली आयटी पार्क सॉफ्टवेअरवाल्यांना माहीतच आहेत. तळोजा आणि पाताळगंगा एमआयडीसी केमिकल, प्रोसेस कंट्रोल आणि पर्यावरण अभियांत्रिकीसाठी. सांडपाणी प्रक्रियेवर काम करणाऱ्याला तळोज्यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही. न्हावा-शेव्याच्या बंदरामुळे ट्रान्सपोर्टेशन आणि लॉजिस्टिक्सचे प्रश्न दारात आहेत.

आणि जिओटेक्निकल. उलवे, उरण, पनवेलची खाडीलगतची जमीन म्हणजे मऊ सागरी चिकणमाती. तिच्यावर भराव टाकला की पाणी हळूहळू बाहेर पडते आणि जमीन वर्षानुवर्षे खचत राहते. ते लवकर व्हावे म्हणून जमिनीत उभे ड्रेन घालतात, त्यावर जादा भराव चढवतात आणि खचणे मोजत राहतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ अशाच भागात, उलव्याची टेकडी कापून आणि दलदल भरून उभा आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खाडीच्या तळातल्या पायांवर आहे. ठाणे-बोरिवली जुळे बोगदे तर राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून जायचे आहेत. माती, खडक आणि पाया जाणणाऱ्या अभियंत्याला इतके काम एका जिल्ह्याच्या अंतरात क्वचितच मिळते.

प्रवासही मोजा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ ही स्टेशने सरळ हाताशी आहेत. कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, खारघर, नवीन पनवेल, ऐरोली आणि ठाण्यात कासारवडवली इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. माटुंग्याची व्हीजेटीआय आणि आयसीटी गाठायला नेरूळ-वाशीकडून हार्बरने वडाळा रोड बरे पडते, ठाण्याहून मध्य रेल्वेने माटुंगा. मात्र लॅबमध्ये रात्री नऊपर्यंत थांबावे लागणारे स्पेशलायझेशन असेल तर घरापासूनचे अंतर हा किरकोळ मुद्दा राहत नाही. वसतिगृहाची चौकशी आधीच करा.

६. प्रवेशाची दारे

*गेट.* ही एम.टेक.ची देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा. परीक्षा फेब्रुवारीत, अर्ज आधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास. निकालापासून तीन वर्षे स्कोअर चालतो. लक्षात ठेवायची गोष्ट : कोणता पेपर देता त्यावर कोणती स्पेशलायझेशन उघडतात ते ठरते. सिव्हिलचा पेपर देऊन कॉम्प्युटरला प्रवेश बहुतेक ठिकाणी मिळत नाही. डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स हा स्वतंत्र पेपर २०२४ पासून आहे. दोन पेपर देता येतात, पण ठरलेल्या जोड्यांतलेच. म्हणून स्पेशलायझेशन ठरवण्याचे काम गेटच्या फॉर्मच्या आधी व्हायला हवे, निकालानंतर नव्हे.

गेटमधून पूर्णवेळ प्रवेश घेतला आणि संस्था एआयसीटीई-मान्य असेल तर दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते, जास्तीत जास्त २४ महिने. प्रवेशाच्या वेळी स्कोअर वैध असावा लागतो. आधी बिगर-गेट प्रवेश घेऊन नंतर गेट पास झालात तर ती मिळत नाही. या काळात दुसरीकडून पगार किंवा मानधन घेता येत नाही, तेव्हा पगारी इंटर्नशिप स्वीकारण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात विचारा.

*आयआयटी आणि एनआयटी.* आयआयटीमध्ये प्रत्येक संस्थेला वेगळा अर्ज करायचा, आणि ऑफर कोअ‍ॅप पोर्टलवर येतात. तिथे नोंदणी न केल्यामुळे ऑफर हुकलेले विद्यार्थी दर वर्षी असतात. एनआयटींसाठी सीसीएमटी ही एकत्र समुपदेशन प्रक्रिया आहे.

*राज्याची कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया.* राज्याच्या सीईटी सेलमार्फत एम.ई., एम.टेक.चे प्रवेश होतात. आधी गेटवाल्यांचा क्रम, मग बिगर-गेट. बिगर-गेटला पदवीत किमान ५० टक्के हवेत, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४५. इथे एक चूक वारंवार होते : सीजीपीएला दहाने गुणून टक्के भरायचे. तसे करू नका. विद्यापीठाने तुमच्या अभ्यासक्रमाच्या वर्षासाठी दिलेले रूपांतराचे सूत्रच वापरा आणि त्याचा कागद जोडा.

अभिमत विद्यापीठांचे प्रवेश आणि शुल्क निराळे असतात. कॉलेजचे जुने नाव बघून कॅपमध्ये शोधत बसण्याआधी ते आता कोणत्या विद्यापीठाखाली आहे ते बघा.

७. कागदपत्रे

- दहावी, बारावी किंवा डिप्लोमाच्या गुणपत्रिका
- पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरते प्रमाणपत्र
- सीजीपीए रूपांतराचा कागद
- गेट स्कोअरकार्ड, असल्यास
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
- अधिवास प्रमाणपत्र
- जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, जे लागू असेल ते
- दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन
- मध्ये खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र
- आधार आणि स्वतःच्या एकट्याच्या नावाचे, आधार जोडलेले बँक खाते. शिष्यवृत्ती संयुक्त खात्यात येत नाही

नवी मुंबईकरांनी इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, नवीन पनवेल रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. रोजच्या बोलण्यात सगळेच नवी मुंबई असल्यामुळे खारघरचे विद्यार्थी ठाण्याकडे अर्ज करतात आणि पंधरा दिवसांनी तो परत येतो. आपले सरकार पोर्टलवर अर्ज भरताना जिल्हा आणि तालुका घराच्या पत्त्याप्रमाणेच निवडा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे बी.ई.च्या प्रवेशाला काढलेले प्रमाणपत्र आता चालणार नाही. जात वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो. बी.ई.ला ती दिली असेल तर मूळ प्रत कॉलेजातून परत मागून घ्या.

८. पर्याय भरताना

कॅपच्या पर्याय-फॉर्ममध्ये कॉलेज आणि स्पेशलायझेशन यांची जोडी एका चॉईस कोडने भरायची असते. कोड टाकल्यावर पूर्ण नाव वाचा. एकाच कॉलेजात मिळतीजुळती दोन-तीन नावे असतात आणि एक अंक चुकला की भलतीच जागा पदरात पडते.

क्रम ठरवताना मागच्या वर्षीचा कटऑफ बघून स्वतःला खाली ओढू नका. वर टाकलेला पर्याय मिळाला नाही म्हणून खालचा हातचा जात नाही. जे हवे ते वर, मिळण्याची शक्यता कितीही कमी असो. पण जिथे जाणारच नाही असा पर्याय यादी भरायची म्हणून टाकू नका. जागा स्वीकारण्याचे आणि पुढच्या फेरीत राहण्याचे नियम दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. ते दोन पानांचे प्रकरण दोनदा वाचा. प्रवेश रद्द करून शुल्क परत मिळण्याची शेवटची तारीख फोनमध्ये अलार्म लावून ठेवा, कारण सीसीएमटी आणि कॅप यांच्या तारखा एकमेकींत अडकतात.

९. प्रवेशानंतरचे पहिले शंभर दिवस

प्रबंध तिसऱ्या सेमिस्टरला सुरू होतो असे वेळापत्रक म्हणते. खरा प्रबंध पहिल्या सेमिस्टरपासूनच करायचा असतो.

पहिल्याच महिन्यात गाईडला सांगून आठवड्याला दोन शोधनिबंध वाचायला लागा. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर लावून घ्या आणि प्रत्येक निबंधाखाली तीन ओळी लिहा : काय केले, कशावर मोजले, काय उरले. उरलेल्याची यादी तीस-चाळीस निबंधांनंतर आपोआप विषय सुचवते. कोणतेही वाक्य उचलून वहीत घेतले तर लगेच अवतरणचिन्हात टाका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. १० ते ४० टक्क्यांत प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सादर करता येत नाही आणि ६० च्या पुढे नोंदणीच रद्द होते. अनेकांचे साम्य जाणूनबुजून केलेल्या नकलेमुळे वाढत नाही, वर्षभरापूर्वी कुठून उतरवले ते न आठवल्यामुळे वाढते.

निबंध छापून आणायचा म्हणून पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांच्या ईमेलना उत्तर देऊ नका. पीएच.डी.ला गेलात तर तोच निबंध आडवा येतो.

दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी साहित्याची यादी गाईडकडून मंजूर करून घ्या. कॉलेजची खरेदी कोटेशन, तुलनातक्ता आणि सह्या यांतून जाते. जूनमध्ये दिलेली मागणी ऑक्टोबरात हातात पडली तर नशीब समजा. जे साहित्य लॅमिंग्टन रोडवर लगेच मिळते ते त्या यादीत घालू नका, फक्त जे बाहेरून मागवावे लागते तेच घाला. आणि विषय नोंदवताना शीर्षकात विशिष्ट सेन्सरचे, बोर्डाचे किंवा सॉफ्टवेअरचे नाव लिहू नका. तो भाग वेळेत आला नाही तर दुसरा वापरता येतो, पण नोंदवलेले शीर्षक बदलायला पुन्हा समितीपुढे जावे लागते.